वर्गातील मराठी : वसईतील इंग्रजीच्या शिक्षकाचा इतिहास

आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाचा जो इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः धोरणांचा आणि अभ्यासक्रमांचा इतिहास आहे. मेकॉलेचे १८३५चे टिपण, वुडचा १८५४चा खलिता, १८५७ची विद्यापीठे हे त्याचे ठरलेले टप्पे. गौरी विश्वनाथन यांचे ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ १८८९ साली नव्हे, तर त्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी, १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि मग या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून वसाहतीत कसा घडवला गेला, त्यामागे सत्तेची कोणती गरज होती, हे प्रश्न समीक्षेच्या केंद्रस्थानी आले. मात्र या नव्या मांडणीतही एक जागा रिकामीच राहिली. खलिता लिहिणारा अधिकारी दिसतो, शेक्सपिअर वाचून प्रभावित होणारा किंवा त्याला नाकारणारा देशी लेखक दिसतो. परंतु या दोघांच्या मध्ये, हातात खडू घेऊन उभा असलेला इंग्रजीचा शिक्षक दिसत नाही. तो वर्गात प्रत्यक्षात कोणत्या भाषेत बोलत होता, हा प्रश्न तर विचारलाच गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न वसईच्या संदर्भात विचारायचा आहे. वसई निवडण्याचे कारण भावनिक नाही. मुंबईपासून लोकल गाडीच्या अंतरावर असूनही या भूभागाचा भाषिक इतिहास मुंबईपेक्षा निराळ्या वाटेने गेला आहे, आणि त्या निराळेपणामुळे मुंबई-पुण्याच्या इतिहासात झाकल्या जाणाऱ्या काही गोष्टी येथे उघड्या पडतात.

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत किल्ल्यात येशूसंघीयांचे, फ्रान्सिस्कनांचे आणि डॉमिनिकनांचे मठ होते, तेथे विद्यादानही होत असे. पण तेथली प्रतिष्ठेची युरोपीय भाषा पोर्तुगीज आणि लॅटिन. म्हणजे युरोपीय भाषा शिकण्याचा अनुभव वसईला इंग्रजीच्या आधी अडीचशे-तीनशे वर्षे होता. त्या अनुभवाचे अवशेष मराठीत आजही आहेत. इंग्रजीचा शिक्षक ज्याची महिनाभर वाट पाहतो तो ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. कोकणच्या वाङ्मयीन इतिहासातला पहिला महत्त्वाचा इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आला तो इंग्रजी शिकवायला नव्हे. तो मराठी शिकला आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. इंग्रज मनुष्य आणि मराठी भाषा यांच्या पहिल्या मोठ्या भेटीत विद्यार्थी इंग्रज होता, ही गोष्ट नंतरच्या इतिहासाने विसरायला लावली.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर मराठी सोडली नाही. मुंबई-साष्टीच्या कॅथलिकांपैकी अनेकांनी कंपनीच्या नोकरीबरोबर इंग्रजी स्वीकारली आणि १८८७ साली स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तेथे पुढे घरातही इंग्रजी शिरली. वसईत तसे झाले नाही. सामवेदी ख्रिस्ती आपली कादोडी बोलत राहिले, वाडवळ आपली वाडवळी; कोळी, आगरी, भंडारी यांच्या बोली वेगळ्या; पूर्वपट्टीत वारली; बाजारपेठेत गुजराती. या सर्वांना एकत्र आणणारी शाळेची भाषा प्रमाण मराठी. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. वसईतील मुलाच्या दृष्टीने शाळेतली मराठी हीच पहिली शिकावी लागणारी भाषा होती. इंग्रजी ही त्यानंतरची. ‘मातृभाषा आणि परभाषा’ या जोडीवर आधारलेली आपली सगळी शैक्षणिक परिभाषा येथे अपुरी पडते.

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या वादाकडेही या बाजूने पुन्हा पाहता येईल. १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात सर एर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. हा वाद ‘इंग्रजी की मराठी’ असा सांगितला जातो. पण वाद शिक्षणाच्या माध्यमाचा होता. इंग्रजी शिकवताना मराठीचा आधार घ्यायचा की नाही याविषयी त्या काळी फारसे दुमत नव्हते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. इंग्रजी शिकण्यातून मराठीचे व्याकरण उभे राहिले आणि त्या व्याकरणाच्या परिभाषेतून पुन्हा इंग्रजी शिकवली गेली. कर्ता, कर्म, क्रियापद, प्रयोग ही शब्दसंपदा संस्कृत, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही तासांना चालणारी झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला याच पायावर उभ्या होत्या. तीन-चार पिढ्यांनी त्यांतून इंग्रजी शिकली आणि ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्द पुढे थट्टेचा झाला.

थट्टा बाजूला ठेवून त्या पद्धतीत काय घडत होते ते पाहू. समजा शिक्षकाने फळ्यावर ‘आलोच!’ हा साधा उद्गार लिहिला. मुलगा व्याकरणाने चालला तर त्याचे ‘आय केम’ करील, आणि ते चूक आहे. बोलणारा अजून निघालेलाही नाही. इंग्रजीत त्याला ‘आय ॲम कमिंग’ म्हणावे लागेल. मराठीत भूतकाळाचे रूप येथे निकडीचे आश्वासन देते. ही जाण मुलाला इंग्रजीविषयी मिळते तशीच, किंबहुना अधिक, मराठीविषयी मिळते. दुसरे उदाहरण समीक्षेच्या जवळचे आहे. ‘मला कविता आवडली’ या वाक्यात आवडण्याच्या क्रियेची कर्ती कविता आहे, वाचक चतुर्थीत उभा आहे. ‘आय लाइक्ड द पोएम’ म्हणताच वाचक कर्ता होतो आणि कविता कर्मस्थानी जाते. आस्वादव्यापारात सक्रिय कोण, कलाकृती की आस्वादक, हा सौंदर्यशास्त्रातील मोठा प्रश्न. तो आठवीच्या वर्गात विभक्तीच्या रूपाने येऊन जात होता. शिक्षकाला त्याची जाणीव असेलच असे नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवून एका वाक्याचे दोन अन्वय लावण्याची सवय त्या वर्गात लागत होती, हे नाकारता येत नाही.

ही सवय मराठी समीक्षेत कोठवर पोहोचली? मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर काही वर्षांतच मराठी वरच्या परीक्षांतून बाहेर पडली. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, तिला एम. ए.च्या परीक्षेत जागा मिळाली. याचा एक परिणाम असा की मराठी साहित्याचा विचार करणारे कितीतरी लोक व्यवसायाने इंग्रजीचे शिक्षक होते. आगरकर न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक असताना १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. वा. ब. पटवर्धन फर्गसनमध्ये इंग्रजी शिकवीत आणि मराठी कवितेवर व्याख्याने देत. मर्ढेकर आकाशवाणीत जाण्यापूर्वी इंग्रजीचे अध्यापन करीत होते. मं. वि. राजाध्यक्ष, विंदा करंदीकर, वसंत कानेटकर, रा. भा. पाटणकर, विलास सारंग, भालचंद्र नेमाडे हे सर्व इंग्रजीचे प्राध्यापक. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ‘भावनानिष्ठ समतानता’ ही मर्ढेकरांची संज्ञा वाचताना तिच्यामागे इंग्रजी संकल्पनेचा मराठीत अन्वय लावणारे अध्यापकी मन जाणवते. करंदीकरांचे ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि ‘राजा लिअर’, पाटणकरांची १९७४ची ‘सौंदर्यमीमांसा’ ही सर्व, एका अर्थाने, मराठीतून घेतलेली इंग्रजीची तासिका आहे. नेमाड्यांची गोष्ट अधिक मार्मिक आहे: इंग्रजीच्या वर्चस्वावर मराठीत सर्वांत कठोर टीका ज्याने केली, त्याने इंग्रजी शिकवतच आयुष्य काढले. या विसंगतीवर टोमणे मारणारे पुष्कळ भेटतात. मला ती विसंगती वाटत नाही. दुभाष्यालाच दोन्ही बाजूंचा व्यवहार आतून दिसतो.

परंतु सैद्धान्तिक पातळीवर दुभाष्याची हकालपट्टी फार पूर्वी सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष पद्धतीचा प्रचार सुरू झाला. मुंबई इलाख्यातील तिच्या पुरस्कर्त्यांत पी. सी. रेन हे शिक्षणाधिकारी होते. तेच पुढे ‘बो जेस्ट’चे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाले आणि ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणातून आजही आपल्या घरांत आहेत. वर्गात मातृभाषा नको, वस्तू दाखवा आणि इंग्रजी शब्द उच्चारा, असा या पद्धतीचा आग्रह. खिडकी, टेबल, पुस्तक यांपुरते हे ठीक चालते. ‘तथापि’ कसे दाखवणार? स्वातंत्र्यानंतर रचनापद्धती आली; १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाल्यावर तिला शास्त्राचे पाठबळ मिळाले. नंतर संप्रेषणपद्धती. प्रत्येक नवी पद्धत आधीच्या पद्धतीला नाकारत होती, पण वर्गात मराठी बोलणे हा दोष आहे, या एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते. शिक्षक मात्र मराठी बोलतच राहिला. पद्धतींच्या या मिरवणुकीविषयी संयमाने विचार करणारे एन. एस. प्रभू यांनी, १९७९ ते १९८४ या काळातील बंगलोर प्रकल्पानंतर, शिक्षकाला स्वतःला पटलेली अध्यापनाची जाण कोणत्याही पद्धतीपेक्षा महत्त्वाची असते असे प्रतिपादन केले. वसईच्या शिक्षकाला हे पटायला पुस्तक वाचावे लागले नसते.

धोरणाचे धक्के मात्र त्याला टाळता येत नव्हते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४८ साली पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून टाकले. इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागली. या निर्णयामागची राष्ट्रीय भूमिका समजण्यासारखी होती. व्यवहारात मात्र सात वर्षांचे इंग्रजी चार वर्षांवर आले आणि मॅट्रिकच्या परीक्षेची अपेक्षा त्या प्रमाणात उतरली नाही. लगोलग ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने परिपत्रक काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने हे प्रकरण न्यायालयात गेले. आधी उच्च न्यायालयाने आणि मग मे १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा आदेश अवैध ठरवला. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. मराठी शाळेतली इंग्रजी सरकारने कमी केली आणि इंग्रजी शाळेचे दार न्यायालयाने उघडे ठेवले. ज्याच्याजवळ पैसा आणि शहर होते तो त्या दाराने आत गेला.

वसईत पैसा केळीच्या वाड्यांत आणि मासेमारीत होता, आणि शहर विरार लोकलच्या दुसऱ्या टोकाला. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली तेव्हापासून मुंबईची कचेरी वसईच्या आवाक्यात आली आणि त्याबरोबर इंग्रजीची गरजही. तरी धर्मग्रामांच्या शाळा प्रामुख्याने मराठी माध्यमाच्याच राहिल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, लॅटिनच्या जागी लोकभाषेत उपासना करण्याची मुभा मिळाली. तेव्हा मुंबईच्या पुष्कळ चर्चमध्ये इंग्रजी आली आणि वसईत मराठी आली. याच परंपरेतून ‘सुवार्ता’सारखे मासिक वाढले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक घडला, ‘सुबोध बायबल’चे कर्ते असलेले दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले. इंग्रजीच्या शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बाहेर ज्याला ख्रिस्ती आडनावामुळे ‘इंग्रजी येणारा’ समजले जाई तो त्याच्या वर्गात मराठी माध्यमाचा, इंग्रजीशी झगडणारा मुलगा होता. आडनावाने उभी केलेली अपेक्षा आणि भाषेची वस्तुस्थिती यांतले हे अंतर त्या मुलाने मुंबईच्या कॉलेजात गेल्यावर किती सोसले, याच्या कथा वसईच्या मराठी ललित लेखनात अजून पुरेशा आलेल्या नाहीत.

१९७१ साली विद्यावर्धिनी संस्थेचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय वसई रोडला सुरू झाले आणि हा प्रश्न घराजवळ आला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे प्रथम वर्षाला सक्तीचे इंग्रजी. नेमलेल्या पुस्तकातला निबंध वाचायचा, त्याचा मराठीत सारांश सांगायचा, मग टिपणे लिहून द्यायची, हा क्रम महाराष्ट्रातील निमशहरी महाविद्यालयांत इतका रूढ होता की त्याला पद्धत म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही. विद्यापीठीय दृष्टीने ही अधोगती. परंतु त्या सारांशात निवडीचे, क्रमाचे, स्वराचे शेकडो निर्णय होते. चार्ल्स लॅमचा विनोद मराठीत सांगून हशा पिकवणे हे सोपे काम नव्हे. हे सर्व बोलले गेले आणि हवेत विरले. शिक्षकाचा हा मौखिक अनुवाद हा आपल्या अनुवादपरंपरेचा बहुधा सर्वांत मोठा आणि पूर्णतः अलिखित भाग असावा.

शिक्षकाचे व्यावसायिक जीवन या काळात स्थिर होत असतानाच अस्थिर झाले. १९ सप्टेंबर १९९१ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट-सेटची पात्रता लागू केली. तेव्हापासून ३ एप्रिल २०००पर्यंत नेमलेल्या बिगर-नेट प्राध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात पुढची दोन दशके भिजत पडला आणि २०१३च्या परीक्षा-बहिष्कारात तो अग्रभागी होता. शाळांत २००० साली शिक्षणसेवक योजना आली: तीन वर्षे ठराविक मानधन, मग वेतनश्रेणी. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले आणि ‘कायम’ हा शब्द काढून टाकायला २००९ उजाडले. महाविद्यालयांत तासिका तत्त्व. तासावर पैसे मिळणारा शिक्षक सारांशावर किती वेळ घालवू शकतो? एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत धावणाऱ्या माणसाच्या हाती बाजारातले मार्गदर्शक येते, आणि मार्गदर्शकात सारांश आधीच तयार असतो, इंग्रजीत. अध्यापनाच्या दर्जाविषयी तक्रार करणारे या कारणपरंपरेकडे सहसा पाहत नाहीत.

त्याच २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. खेरांनी जेथून ती काढली होती त्याच्याही खाली ती आली. निर्णयावर तेव्हा मराठीवाद्यांनी टीका केली. पण अधिक गंभीर प्रश्न असा होता की पहिलीच्या वर्गावर इंग्रजीचा शिक्षक नव्हताच. होता तो सर्व विषय शिकवणारा प्राथमिक शिक्षक, ज्याच्या डी. एड.ला इंग्रजी हा अनेकांपैकी एक विषय. त्याला एका उन्हाळ्यात इंग्रजीचा शिक्षक व्हावे लागले.

दरम्यान वसई बदलली. १९९०च्या सुमारास सिडकोकडे नियोजन आले, इमारती उभ्या राहिल्या, २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. नालासोपाऱ्याच्या वर्गात आता भोजपुरी, हिंदी, गुजराती, मारवाडी, बंगाली घरची मुले बसतात. या वर्गात दुभाष्याने कोणत्या भाषेत उतरवायचे? मराठी माध्यमाच्या शाळेत सेमी-इंग्रजी आली, शेजारी इंग्रजी माध्यमाची शाळा आली, आणि नव्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाला मराठी येणे ही अट राहिली नाही. स्पष्टीकरणासाठी तोही इंग्रजी सोडतो, पण उतरतो तो व्यवहारातल्या हिंदीवर. ती हिंदी काम भागवते. तिच्यात ‘मला आवडली’ आणि ‘आय लाइक्ड’ यांच्यातला फरक दाखवता येणार नाही असे नाही, कारण हिंदीतही आवडणारा कर्ता नसतो. पण त्या हिंदीचे व्याकरण शिक्षकानेही शिकलेले नसते आणि विद्यार्थ्यानेही. दोन अभ्यासलेल्या भाषा शेजारी ठेवण्याची जी रीत तर्खडकरांपासून चालत आली ती येथे खंडित झाली आहे.

दहावी-बारावीच्या अलीकडच्या कृतिपत्रिकेत कवितेचे रसग्रहण इंग्रजीत लिहायला येते. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले, आणि त्यांची तयार वाक्ये पाठ. रसग्रहण हा प्रकार मराठीच्या तासालाही आहे, तेथेही मुद्दे ठरलेले. एकाच विद्यार्थ्याच्या दोन वह्यांत एकाच क्रियेचे दोन साचे आहेत आणि ते दोन शिक्षक, एका शिक्षकखोलीत बसून, एकमेकांची वही पाहत नाहीत. पूर्वी ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात चालत.

या सर्व इतिहासाला लेखी पुरावा फार थोडा आहे, आणि त्याचे कारण संस्थात्मक आहे. पाठाचे टाचण हर्बार्टच्या पंचपदीने लिहिले जात असे. त्यात प्रस्तावना आहे, विषयविवेचन आहे, उपयोजन आहे. पुढे उद्दिष्टांचा आणि मूल्यमापनाचा रकाना आला. विवेचन कोणत्या भाषेत केले, याचा रकाना कोणत्याही टाचणात नव्हता. तपासणीला अधिकारी आला की शिक्षक इंग्रजीत बोले आणि तो गेला की मराठीत. त्यामुळे तपासणीचे शेरेही या बाबतीत निरुपयोगी. उरतात त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या, ज्यांच्या समासात इंग्रजी शब्दावर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला असतो, कधी प्रमाण मराठीत, कधी वाडवळीत किंवा कादोडीत. वसईतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा वह्या असणार. त्या घरांच्या जागी इमारती होण्याचा वेग पाहता, त्या गोळा करायला आता फार वर्षे हाताशी नाहीत.